मुअतझिला की अश्अरी?

"सगळं अल्लाहच घडवतो, तर शिक्षा माणसाला का?" या प्रश्नावर अडलेल्या एका विद्यार्थिनीसाठी इस्लामी धर्मविचारातल्या या दोन पंथांची ही तुलना.

न्यायाच्या कसोटीवर बसऱ्याचे मुअतझिला सरस. कृती माणूसच घडवतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच. दुसऱ्या पंथाचे प्रवर्तक अश्अरी (मृत्यू सुमारे इ.स. ९३५) यांच्या मते कृती अल्लाह निर्माण करतो, माणूस ती आपल्या खाती घेतो, हाच ‘कस्ब’. ईश्वराची सत्ता अबाधित राहते, पण जबाबदारीचा धागा मला बारीक वाटतो.

तरी तीन भावांचा अश्अरी प्रश्न मुअतझिलांना जड जातो. एक पुण्यवान, एक पापी, तिसरा बालपणीच गेलेला. मोठेपणी बिघडला असता म्हणून त्याला लवकर नेलं म्हणावं, तर पापी विचारेल, मग मला का नाही नेलंत?

न्याय आधी हवा असेल तर मुअतझिला. ईश्वराची सर्वसत्ता सोडवत नसेल तर अश्अरी. दोन्ही हवं असेल, तर समरकंदचे धर्मपंडित मातुरीदी यांच्याकडे वळावं: निर्मिती अल्लाहची, निवड खरोखर माणसाची.