सतत धावणारा धंदा की आटोक्यातला धंदा: ठरवायच्या आधी बघून घ्या

धंदा सुरू करायचाय, किंवा चालू आहे पण जीव मेटाकुटीला आलाय आणि डोक्यात सारखं चाललंय की अजून जोर लावू की आता आवरतं घेऊ, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. एकट्याने किंवा चार-पाच जणांनी चालवायचे जे धंदे असतात त्यातल्या बहुतेकांसाठी आटोक्यातला मार्गच बरा आहे. सगळ्यांसाठी नाही, आणि कोणासाठी नाही तेही खाली येईल.

लोक याला स्वभावावर नेतात, की हा माणूस मेहनती, तो आरामशीर. मला ते पटत नाही. धंद्याचा वेग ठरतो तुम्ही दर महिन्याला किती बांधून घेतलंय त्यावर. भाडं, हप्ता, पगार, गुंतवणूकदाराला दिलेलं टार्गेट, क्लायंटला दिलेली तारीख, हे सगळं एकदा गळ्यात पडलं की शांत माणूससुद्धा रात्री 11 ला मेल बघत बसतो. म्हणून दोन्ही मार्गांची तुलना करताना मी उत्साह वगैरे बाजूला ठेवते आणि कुठे किती बांधलं जातंय ते बघते.

पहिली गोष्ट, पैसा कोणाचा

बाहेरची मोठी गुंतवणूक घेतली की वेग तुमच्या हातात राहत नाही, आणि त्यात गुंतवणूकदार वाईट असतात असं काही नाही, त्यांचं गणितच तसं असतं. व्हेंचर फंडाची, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडाची, मुदत साधारण 10 वर्षांची असते, दहा ठिकाणी पैसे लावले तर बऱ्याच ठिकाणी बुडणार हे त्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे जी एखाद-दुसरी कंपनी चालेल तिने सगळ्यांची भरपाई करावी लागते. अशा फंडाला तुमचा छान नफ्यात चाललेला छोटा धंदा उपयोगाचाच नसतो. गमरोडचं उदाहरण बघा, लेखक-कलाकारांना आपली डिजिटल वस्तू थेट ऑनलाइन विकू देणारी, 2011 मध्ये सुरू झालेली कंपनी, गुंतवणूक आली, ग्राहकही होते, पण अपेक्षित वेगाने वाढ झाली नाही म्हणून गुंतवणुकीचा पुढचा राउंड मिळाला नाही आणि 2015 मध्ये बहुतेक टीमला जावं लागलं. त्याच्यानंतर तेच प्रॉडक्ट अगदी छोट्या प्रमाणात चालू राहिलं आणि टिकलं. ग्राहकाला लागणारी वस्तू होती तीच होती, फक्त डोक्यावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या बाजूला मेलचिंप, धंद्यांना ग्राहकांना ईमेल पाठवायची सोय देणारी सेवा, 2001 मध्ये एका वेब डिझाइन कंपनीचं जोडकाम म्हणून सुरू झालं, बाहेरून गुंतवणूक घेतलीच नाही, आणि 2021 मध्ये इन्ट्युइट या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने ती कंपनी साधारण 12 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. तुमचंही असंच होईल असं मी अजिबात म्हणत नाहीये, असं फार थोड्यांचं होतं. एवढंच की स्वतःच्या कमाईवर वाढायचं ठरवलं म्हणजे कायम लहानच राहायचं असं कुठे लिहिलेलं नाही, वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ किती घ्यायचा ते तुम्ही ठरवता.

तास

हा भाग पटकन संपवते कारण इथे वाद घालण्यासारखं फार काही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्र केलेला अभ्यास आहे, आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत स्ट्रोकचा धोका अंदाजे 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त. बरं, तब्येत देऊन काम तरी जास्त होतं का? स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेंकावेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांचे आकडे तपासले, 2014 साली ते प्रसिद्ध झाले, त्यात 50 तासांच्या आसपास पोचल्यावर पुढच्या प्रत्येक तासाचं उत्पादन घसरायला लागतं आणि 70 तास राबलेल्यांचं काम 56 तासवाल्यांपेक्षा जेमतेमच जास्त भरतं असं दिसलं. ते हाताचं काम होतं. विचार करायच्या कामात, भाव ठरवण्यात, माणूस निवडण्यात, दमलेल्या डोक्याची किंमत अजून जास्त मोजावी लागते असं मला ठामपणे वाटतं, कारण तिथे चुकलेला एक निर्णय सहा महिने पुरतो.

दर आणि क्लायंट, खरा फरक इथे पडतो

धावणाऱ्या धंद्यात सवय असते की काम सोडायचं नाही, थोडा डिस्काउंट देऊ पण घेऊ. आता गणित करा. समजा 100 चं काम आहे, त्यात थेट खर्च 70, हातात 30. तुम्ही 10 टक्के डिस्काउंट दिलात तर हातात राहिले 20, म्हणजे आधीइतकेच पैसे मिळवायला तुम्हाला दीडपट काम करायला लागणार. दीडपट! दहा टक्के सूट ऐकायला छोटी वाटते आणि तिच्या मागे महिन्याचे सगळे रविवार जातात. आता उलटं करा, दर 10 टक्के वाढवला तर हातात 40, आणि चारातला एक क्लायंट सोडून गेला तरी तुमची कमाई तेवढीच राहते, काम मात्र पाव हिस्सा कमी. धंद्यात दमणं हे बऱ्याचदा दरातून येतं आणि आपण दोष देतो टाइम मॅनेजमेंटला, नवीन ॲप टाकतो, पहाटे उठायचं ठरवतो, आणि दर तसाच ठेवतो.

अर्थात दर नुसता वाढवून चालत नाही, त्यासाठी काय करायचं नाही हे ठरवायला लागतं. आटोक्यातला धंदा म्हणजे मुख्यतः आधीच दिलेले नकार. दहा प्रकारच्या सर्व्हिसेसऐवजी दोन-तीन, त्या पण ठरलेल्या स्वरूपात, किती वेळा बदल करून मिळतील ते आधी लिहून, ॲडव्हान्स घेऊन, उत्तर कधी मिळेल ते पहिल्याच दिवशी सांगून. दर वेळी नवीन प्रकारचं काम घेतलं की दर वेळी नव्याने शिकायचं, नव्याने अंदाज लावायचा, आणि तो अंदाज चुकला की रात्री जागायचं. तेच तेच काम केलं की हात बसतो, चुका कमी होतात आणि वेळ वाचतो, जो सरळ तुमच्या खिशात येतो. कंटाळवाणं वाटतं, हे खरंय, पण महिनाअखेरीचा ताण जाऊन थोडा कंटाळा आला तर मी तो सौदा आनंदाने करेन.

इथे आटोक्यातल्या धंद्याची एक मोठी जोखीम आहे जी फार कोणी बोलत नाही. क्लायंट कमी ठेवले की एकेकाचं वजन वाढतं. एकाच क्लायंटकडून निम्मी कमाई येत असेल तर तुम्ही धंदा चालवत नाही, सुट्टी नसलेली नोकरी करताय. मी स्वतः कोणाही एकाचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा वर जाऊ देत नाही, आणि गेला तर त्याचं जास्तीचं काम घ्यायच्या आधी दुसरा क्लायंट शोधते.

माणसं घ्यायची का

धावणाऱ्या मार्गात काम वाढलं की माणूस घ्यायचा हे जवळपास आपोआप होतं. पण 5 जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलायच्या जोड्या 10 असतात, आणि 10 जणांमध्ये 45. माणसं दुप्पट, समन्वय साडेचारपट. मग मीटिंग येते, मग मीटिंग ठरवायला माणूस येतो, आणि ज्या कामाची आवड होती म्हणून धंदा काढला ते काम दुसरेच लोक करत असतात. ज्यांना माणसं सांभाळायला, घडवायला आवडतं त्यांच्यासाठी हे सुख आहे, अगदी मनापासून सांगते, त्यांनी मोठी टीम करावीच. बाकीच्यांनी आधी बघावं की कुठलं काम बंद करता येईल.

आता आटोक्यातल्या मार्गाचे तोटे

कमाईला मर्यादा असते, आणि ती तुमच्या तासांशी आणि दराशी बांधलेली असते. सुरुवातीची एक-दोन वर्षं तुमच्याबरोबर सुरू केलेले लोक पुढे गेलेले दिसतात आणि ते बघवत नाही. तुम्ही आजारी पडलात तर धंदाही आजारी पडतो, म्हणून किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवाच, हा पैसा हातात नसेल तर नकार देण्याची हिंमत येतच नाही, सगळं आटोक्यात ठेवणं कागदावर राहतं. आणि विकायला गेलात तर एका माणसावर उभ्या असलेल्या धंद्याला भाव कमी मिळतो.

धावणंच बरोबर कुठे? जिथे जो पहिला मोठा होतो तोच सगळं घेऊन जातो, म्हणजे विक्रेते आणि खरेदीदार एकाच ठिकाणी गोळा करायचे असे प्लॅटफॉर्म, तिथे हळू जाणं म्हणजे हरणंच. जिथे वस्तू बाजारात यायच्या आधीच प्रचंड खर्च होतो, औषधं, चिप्स, तिथे बाहेरच्या पैशाशिवाय गत्यंतर नाही. आणि कुठलाही धंदा उभा राहताना सुरुवातीचे काही महिने ओढाताण होतेच, त्याला मी हसल कल्चर, म्हणजे सतत राबण्याचंच कौतुक, म्हणत नाही. चौथ्या वर्षीही तीच ओढाताण असेल तर मात्र धंद्याची रचनाच तपासायला हवी.

सध्या धावताय आणि मधूनच बदलायचंय तर सगळं एकदम सोडू नका. आधी नवीन हप्ते आणि नवीन भरती थांबवा. मग मागच्या वर्षभराची क्लायंटची यादी काढा, प्रत्येकापुढे मिळालेले पैसे आणि गेलेले तास लिहा, फोन आणि मेलचे तास धरून, भागाकार करा. सगळ्यात खालचे दोघं-तिघं कोण ते बघून तुम्हाला बहुतेक आश्चर्य वाटणार नाही, त्यांची नावं तुम्हाला आत्ताच माहीत आहेत. नवीन दर पहिल्यांदा नव्याने येणाऱ्यांना सांगा, तो दोन-तीन जणांनी मान्य केला की जुन्यांना पत्र पाठवा, पुढच्या तिमाहीपासून लागू म्हणून, आणि यादीतल्या सगळ्यात खालच्यांपासून सुरुवात करा.