फ्रिजचं दार फिरवून घ्यायचं, फ्रिजच हलवायचा, की नवीनच घ्यायचा?

मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर, स्वयंपाकघर लांबट नि अरुंद. ओटा फ्रिजच्या उजव्या हाताला आणि दाराची बिजागरी पण उजवीकडंच, त्यामुळं दार उघडलं की ते आईच्या आणि ओट्याच्या मधेच उभं राहायचं, पांढऱ्या रश्श्याचं पातेलं दोन्ही हातांत धरून तिला दाराला वळसा घालून जावं लागायचं. ते बघवत नव्हतं म्हणून तिन्ही पर्याय नीट तपासले.

आधी दार फिरवणं, म्हणजे बिजागरी दुसऱ्या बाजूला बसवणं. सगळ्याच फ्रिजला हे जमत नाही. दाराच्या दुसऱ्या बाजूला वर नि खाली प्लास्टिकच्या छोट्या टोप्या बसवलेल्या दिसल्या तर बहुतेक जमतं, पण मॅन्युअल बघूनच ठरवा. दारावर डिस्प्ले किंवा पाण्याचा नळ असेल तर वायर नाहीतर पाइप बहुतेक बिजागरीतूनच गेलेली असते, तिथं नाद सोडा. खालची बिजागरी काढायला फ्रिज मागं कलवावा लागतो, दोन माणसं पाहिजेतच, आणि आडवा तर अजिबात करू नका, कॉम्प्रेसरचं तेल पाइपांत जातं. आडवा करावाच लागला तर उभा केल्यावर काही तास थांबूनच चालू करा. वॉरंटीत असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा.

आमच्याकडं आलेल्या मेकॅनिकनं खालचा स्टॉपरचा तुकडा जुन्याच बाजूला ठेवला, तर दार आपोआप मिटेना आणि रात्रभर फट राहून दूध नासलं. दुसऱ्या दिवशी तुकडा बदलला, पुढचे पाय जरा उंच केले, तेव्हा कुठं बसलं. तुम्ही काम झाल्यावर दहाची नोट दाराच्या कडेच्या रबरात अडकवून दार मिटा आणि ओढून बघा, चारी बाजूंनी. सहज निघाली तर तिथनं गारवा जातोय. रबर वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरनं हलकं गरम करून सरळ होतं.

अजून एक, ज्या बाजूला बिजागरी जाणार तिथं भिंत खेटून असेल तर दार ९० अंशातच अडकतं आणि भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येत नाही. आम्ही त्यासाठी फ्रिज डाव्या भिंतीपासनं वीतभर सरकवला.

फ्रिजच दुसऱ्या भिंतीला न्यायचा तर दाराला हात लावावा लागत नाही, डिस्प्लेवाल्यांना हेच बरं. पण तिथं थ्री-पिन पॉइंट पाहिजे, एक्स्टेंशनवर चालवू नका, आणि गॅसच्या शेगडीजवळ तर नकोच.

नवीन घ्यायचा विचार फक्त जुना तसाही जाणारच असेल तर करा. साइड-बाय-साइडची, म्हणजे शेजारी शेजारी दोन उभी दारं असलेल्या फ्रिजची, दारं छोटी असतात हे खरं, पण तो साधारण ९० सेंटिमीटर रुंद असतो, पेठेतल्या घरात दारातनं आत तरी जायला पाहिजे की.

टोप्या असतील आणि बाजूला जागा असेल तर मी डोळे झाकून दार फिरवायलाच सांगेन. आई आता पातेलं घेऊन सरळ ओट्यावरनं फ्रिजकडं वळते.