फ्लॅट की बंगला? तुंबणाऱ्या ड्रेनेजच्या बाजूने बघितलं तर

शहरात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके घ्यायचा की जरा बाहेर पडून तळेगाव, वाई अशा ठिकाणी छोटा बंगला, असा विचार चालू असेल तर बाकी सगळं बघाच, पण एकदा ड्रेनेजच्या बाजूनेही बघा. तुंबायचं ते दोन्हीकडे तुंबतं, पण कोणामुळे, कुठे, आणि ते काढायला पैसे कोण देणार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फ्लॅटमध्ये तुमचं स्वतःचं असं ड्रेनेज फार थोडं असतं. सिंकखालचा बॉटल ट्रॅप, बाथरूममधला नहाणी ट्रॅप (ट्रॅप म्हणजे वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा भाग), कमोड आणि तिथून डक्टमधल्या, म्हणजे पाईपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या जागेतल्या, लाईनपर्यंतचा काही फुटांचा पाईप, बस्स. पुढची उभी लाईन वरपासून खालपर्यंत सगळ्यांची, म्हणजे तुम्ही तेलकट कढई आधी कागदाने पुसून मग घासणारे असलात तरी वरच्या काकू उरलेली आमटी आणि चहाचा चोथा सरळ सिंकमध्ये ओतत असतील तर भोगायचं तुम्हालाही. सगळ्यात डेंजर म्हणजे रिनोव्हेशन. वर कोणीतरी टाइल्स बदलायला काढतं, मिस्त्री संध्याकाळी घमेलं-थापी धुऊन ते सिमेंटचं पाणी नहाणीत सोडतो, ते आत जाऊन दगड होतं, मग तिथे ना स्प्रिंग (आत सरकवायची लवचीक तार) चालत ना जेटिंग (जोराच्या पाण्याचा मारा), पाईपच कापायला लागतो. गणपतीत शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जन करतात ते छानच आहे, पण तो गाळ कुंडीत घाला हो, बाथरूममध्ये ओतला की बेंडमध्ये जाऊन बसतो.

आता ओळखायचं कसं? फक्त तुमचंच सिंक तुंबलंय आणि बाथरूमचं पाणी नीट जातंय तर बहुतेक तुमच्याच पाईपात कचरा आहे, प्लंबर बोलवा, पैसे द्या, विषय संपला. पण तुम्ही नळ बंद करून बसलाय आणि तरी नहाणीतून गुडगुड आवाज येतोय, वरच्यांच्या वॉशिंग मशीनचा फेस तुमच्या जाळीतून वर येतोय, तर चोकअप तुमच्या खाली, कॉमन लाईनमध्ये आहे आणि ते काम सोसायटीचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीतही कॉमन ड्रेनेज लाईन संस्थेच्या खर्चाने आणि घरातलं सभासदाच्या खर्चाने अशीच विभागणी आहे. प्रत्यक्षात काय होतं, सेक्रेटरी म्हणतात तुमच्या घरातलं आहे, प्लंबर म्हणतो डक्टमधलं आहे, आणि डक्टच्या तोंडाशी कोणीतरी ग्रिल ठोकून कुंड्या मांडलेल्या असतात. जुन्या बिल्डिंगमध्ये तर तुमच्या बाथरूमचा ट्रॅप स्लॅबखाली, म्हणजे खालच्यांच्या छताला लटकलेला असतो, तो उघडायचा तर त्यांच्या घरात स्टूल लावून, आणि त्यांच्याशी पार्किंगवरून भांडण झालेलं असेल तर मग बसा.

ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट मात्र माझ्या मते विचार करूनच घ्यावा. उभी लाईन जिथे खाली वळते तिथेच जास्त तुंबतं आणि पाणी मग जे सगळ्यात खालचं तोंड मिळेल तिथून बाहेर येतं, ते तोंड म्हणजे तुमची नहाणी किंवा कमोड. तळमजल्याची लाईन वेगळी काढून थेट चेंबरला (जमिनीतल्या झाकणाच्या हौदीला) जोडलेली असेल तर हा त्रास खूप कमी होतो, पण ते बिल्डर आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

बंगल्यात वरच्या काकू नाहीत आणि मीटिंगही नाही, पण घरापासून रस्त्यावरच्या लाईनपर्यंतचा पाईप एकट्या तुमचा, आणि तो आडवा जमिनीत. उतार नीट हवा, चार इंची पाईपला साधारण चाळीस फुटाला एक फूट, नाहीतर पाणी पुढे जातं आणि घाण मागे राहते. जुन्या चिनी मातीच्या पाईपांच्या सांध्यातून पिंपळ-उंबराची मुळं आत घुसतात. काही जण पावसाचं पाणीही त्याच लाईनला जोडतात, मग पानं, माती सगळं आत. पण शोधायला बंगला फार सोपा. घराजवळच्या चेंबरचं झाकण पहारीने उचला, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. एक काठोकाठ भरलंय आणि पुढचं कोरडं आहे तर चोकअप त्या दोघांच्या मधे, बांबू किंवा स्प्रिंग तेवढ्यातच घालायची. शेवटचं पण भरलेलं असेल तर मेन लाईन तुंबली असणार, नगरपालिकेला कळवा. अट एकच, झाकणं सापडली पाहिजेत, अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना लोक चेंबरच गाडून टाकतात.

सेप्टिक टँक असेल तर दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडी बोलवायचीच, तुंबायची वाट बघायची नाही. वाई आणि सिन्नरला नगरपालिकेनेच दर तीन वर्षांनी टाक्या उपसायचं वेळापत्रक लावलंय, तसं तुमच्या गावात नसेल तर ती आठवण आणि खर्च तुमचा. आणि स्वस्तात पडतंय म्हणून कोणाला टाकीत उतरवायचा विचारही करू नका, आतल्या गॅसने माणूस जागच्या जागी मरतो, हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, हे सोसायटीलाही लागू.

दोन्हीकडे सारखं एवढंच, की कॉस्टिकची पावडर पुन्हापुन्हा टाकून उपयोग नाही. थोडाफार चिकटा सुटतो, पण मुळं, सिमेंट, सॅनिटरी पॅड याला ती काही करत नाही, वर ॲसिड ओतलं तर उसळून तोंडावर येईल.

मग घ्यायचं काय? घरात म्हातारे आई-वडील एकटे राहणार असतील किंवा तुम्ही महिनोन्महिने बाहेर असाल तर फ्लॅट, पहिल्या मजल्याच्या वरचा, खर्च वाटला जातो आणि कोणीतरी ओरडणारं असतं. स्वतः झाकण उचलून बघायची तयारी असेल तर बंगला, शक्यतो नगरपालिकेच्या लाईनला जोडलेला. टोकन द्यायच्या आधी फ्लॅटमध्ये डक्ट उघडायला लावा आणि छताला ओल आहे का बघा, बंगल्यात ड्रेनेजचं ड्रॉइंग मागा, नसेल तर सगळी चेंबर मालकासमोर उघडून घ्या आणि वरच्या बाथरूममध्ये दोन बादल्या एकदम ओतून पाणी शेवटच्या चेंबरपर्यंत येतंय का ते उभं राहून बघा.