रेशमाचा दोरा की पोलादी पट्टी?

सोन्याचा मुलामा दिलेलं जुनं फ्रेंच घड्याळ घ्यायचं ठरलं, की निवड दोन काळांवर येते: पहिल्या नेपोलियनच्या वेळचं (१८०४ ते १८१५) की तिसऱ्याच्या वेळचं (१८५२ ते १८७०). पॅरिसमध्ये राहताना मी दोन्ही नांदवली आहेत.

दिसण्यात पहिलं सरस, वाद नको. थोमिर, गाल, राव्रिओ यांचं कांस्यकाम तेव्हाचं. पाऱ्यात कालवलेलं सोनं लावून पारा आगीवर उडवायचा. त्याने येणारी दाट, मऊ झळाळी नंतरच्या विजेच्या मुलाम्यात मला तरी दिसली नाही. पण मुलामा देणारे कारागीर पाऱ्याच्या वाफेने खंगत. राव्रिओ १८१४ साली वारला तो यावर उपाय शोधणाऱ्यासाठी ३,००० फ्रँक मृत्युपत्रात ठेवून. रसायनशास्त्रज्ञ दार्सेने वाफ ओढून नेणारी भट्टी बांधून ते मिळवले. आणि तबकडीवरच्या नावाला भुलू नका, ते बहुधा घड्याळजीचं असतं, कांस्य ओतणाऱ्याचं नाही.

माझं बिनसलं ते लंबकाच्या दोऱ्याशी. पहिल्या काळाच्या घड्याळात लंबक रेशमाच्या फासावर लटकतो. रेशीम ओलावा पितं, लांबी बदलते. पावसाळी दिवसांत घड्याळाची चाल एक, घरात हीटर लागला की दुसरी. वेळ लावायची तर काचेचा घुमट उचला, काटा सावकाश फिरवा, दर अर्ध्या तासाला टोले पुरते वाजू द्या. घाई केलीत तर मोजणी चुकते आणि तीन वाजता आठ टोले पडतात. पाहुण्यांना गंमत वाटते, घरच्यांना फार दिवस वाटत नाही.

दुसऱ्यात लंबक बहुधा पातळ पोलादी पट्टीवर लटकतो, ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीच्या पद्धतीने. वेग कमीजास्त करायला तबकडीवर बाराजवळ भोक, त्यात छोटी चावी. टोल्यांची यंत्रणा पुष्कळदा तशीच रुसकी, पण काट्यांना हात लावायची वेळ क्वचित येते. पट्टी वाकली तर नवी मिळते. पहिल्या काळाच्या काही घड्याळांतही नंतर कोणीतरी ती बसवलेली असते. सोयीचं आहे, पण शौकीन नाक मुरडतात.

ज्यांना ती खटपटच प्रिय, त्यांनी खुशाल पहिलं घ्यावं. मी घड्याळात वेळ बघतो, म्हणून माझ्याकडे दुसरं टिकलं. मात्र त्या दुसऱ्या काळात जस्ताच्या मूर्तींवरही सोनेरी मुलामा चढवत, तेव्हा घेण्याआधी तळाशी एखादा जुना ओरखडा शोधा. तिथे पिवळा धातू दिसला तर ठीक, पांढुरका दिसला तर भाव निम्म्याच्याही खाली आणा.