8 जीबीच्या थिन क्लायंटवर पपी की डेबियन?

नाशिकच्या एमजी रोडवरून जुना थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचा छोटा, कमी ताकदीचा संगणक) उचललात आणि आत 8 जीबीची फ्लॅश, 4 जीबी रॅम निघाली, तर विंडोजचा विषय तिथेच मिटतो. उरतात पपी आणि डेबियन या दोन लिनक्स सिस्टीम. दिंडोरी रोडला मेहुण्याचं शेती-औषधांचं दुकान आहे, तिथे मी दोन्ही चालवून बघितलं. काम तसं मामुलीच: ब्राउझरमध्ये बिलिंग, एक प्रिंटर, अधूनमधून मराठी टायपिंग.

जागेच्या बाबतीत पपीला तोड नाही. अख्खी सिस्टीम दाबून एसएफएस फाइलमध्ये बसवलेली, चालू करताना रॅममध्ये चढते, त्यामुळे पळतेही झकास. एखादं मोठं सॉफ्टवेअर वेगळ्या एसएफएसमध्ये ठेवायचं. हवं तेव्हा जोडायचं, नको तेव्हा काढायचं.

गोची आहे ती सेव्हफाइलची, म्हणजे आपण केलेले बदल साठवणाऱ्या फाइलची. फ्लॅश झिजू नये म्हणून पपी नवे बदल रॅममध्ये धरून ठेवते आणि ठरावीक वेळाने किंवा बंद करताना खाली उतरवते. कल्पना चांगलीच आहे, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाईट काय सांगून जाते? त्यात शटर ओढायच्या घाईत काउंटरवरचा पोरगा ‘सेव्ह करू का’ला ‘नो’ दाबून मोकळा. सकाळी मेहुण्याचा फोन: “दाजी, काल टाकलेला प्रिंटर गेला कुठं?” प्रिंटर टेबलावरच होता, गेला होता त्याचा ड्रायव्हर. पपीच्या इव्हेंट मॅनेजरमध्ये सेव्हची वेळ कमी करता येते, यूपीएस लावता येतो, सगळं मान्य. स्वतःच्या टेबलावर मी ते खपवून घेतलंही असतं. दुसऱ्याच्या दुकानात हे कोण निस्तरत बसणार?

डेबियनमध्ये टाकलं ते टाकलं. जागा मात्र आपणच सांभाळायची. इन्स्टॉल करताना ‘डेस्कटॉप’ या पर्यायापुढची खूण काढा. मग एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपचा कोअर आणि फायरफॉक्स ईएसआर ब्राउझर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ (सुचवलेली जादा पॅकेजं नकोत) लावून घ्या. माझ्याकडे निम्मी फ्लॅश मोकळी राहिली. स्वॅप (रॅम भरली की वापरायची जागा) फ्लॅशवर नको, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवणारा स्वॅप) पुरतो. फ्लॅटपॅक या ॲप टाकायच्या वेगळ्या पद्धतीच्या वाटेला जाऊच नका, ॲप एवढंसं आणि त्याला लागणारं रनटाइम भलंमोठं. अपडेट झालं की ‘ॲप्ट क्लीन’ मारा, नाहीतर उतरवलेली पॅकेजं कॅशमध्ये साचू शकतात. साचलेले जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) ‘ऑटोरिमूव्ह’ने काढा. मराठीसाठी देवनागरी फॉन्ट तेवढा घ्यायचा. इनस्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड एक्सकेबीमध्ये (लिनक्सच्या कीबोर्ड-मांडण्यांच्या संचात) आधीपासून असतात. (कीबोर्डचं हे सुख पपीतही आहे.)

फ्लॅश 4 जीबीची असेल तर वाद नको, पपीच घ्या. त्यातली बुकवर्मपप डेबियन 12 च्याच पॅकेजांवर बांधलेली आहे. आणि झाकण उघडल्यावर आत एम डॉट टूची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा दिसली, तर ती सॅटाची की एनव्हीएमईची, म्हणजे कोणत्या जोडणीची, ते आधी बघा. बऱ्याच जुन्या मशीनला सॅटाच चालते. तिथे 128 जीबीची एसएसडी बसली, की डेबियनमधल्या वरच्या बहुतेक कसरती टळतात.