फॅनी फार्मरचं पुस्तक, जिलेटिनचं पाकीट आणि न्यू जर्सीतला उन्हाळा : वापरानंतरचा अनुभव

ज्यांच्याकडे आइस्क्रीमचं यंत्र नाही, घ्यायचा विचारही नाही, पण फ्रीजरमध्ये एखाद्या ट्रेपुरती जागा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मे महिन्यात शेतावरची स्ट्रॉबेरी सुरू झाली तेव्हापासून ते सप्टेंबरात काळी द्राक्षं येईपर्यंत मी जुन्या अमेरिकन पाककृतींमधली, जिलेटिन घालून गोठवायची साधी गोडं करत होते. मुख्य आधार १८९६ साली निघालेलं ‘द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ हे फॅनी फार्मर या अमेरिकन पाकशिक्षिकेचं पुस्तक. जोडीला १९२०-३०च्या दशकांतल्या, विजेचे फ्रीज घरोघरी यायला लागले त्या काळातल्या पाककृती. आणि बाजारात मिळणारं साधं, बिनरंगाचं, बिनवासाचं दाणेदार जिलेटिन.

आधी निकाल सांगते. स्ट्रॉबेरीचं गोठवलेलं मूस (फेटलेल्या क्रीमचं हलकं गोड) आणि पीचचं मार्लो (मार्शमॅलो वितळवून केलेलं गोठवलेलं गोड) हे दोन पदार्थ आता आमच्या घरचे झाले आहेत. फळांच्या रसाची शर्बतं चांगली होतात, पण मधे एकदा उठून ती फेटावी लागतात. मेयोनेझ घालून गोठवलेलं फ्रूट सॅलड मात्र मी पुन्हा करणार नाही.

जिलेटिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताटलीत हलणारी लाल-हिरवी जेली येते. ती जेली फ्रीजरमध्ये टाकू नका. जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रथिन. त्याच्या धाग्यांच्या जाळीत पाणी अडकतं आणि जेली घट्ट होते. गोठताना त्या पाण्याचे मोठे स्फटिक झाले की जाळी फाटते, आणि वितळल्यावर बशीत पाणी सुटतं. गोठवायच्या पदार्थांत जिलेटिनचं प्रमाण कमी असतं आणि कामही वेगळं असतं. तिथे त्याने पाणी धरून ठेवायचं, म्हणजे बर्फाचे कण बारीक राहतात, आणि फेटलेल्या क्रीममधली हवा निसटू द्यायची नाही. आइस्क्रीमचं यंत्र सतत घुसळून जे साधतं, त्यातलं बरंचसं इथे चमचाभर जिलेटिन आणि क्रीममधली हवा मिळून साधतात. हे एकदा लक्षात आलं की जुन्या कृती वाचताना कुठे मोकळीक घ्यायची आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

फार्मरबाईंच्या पुस्तकाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या काळी ‘लोण्याचा अक्रोडाएवढा गोळा’ किंवा ‘चहाचा कप भरून’ अशी मापं चालायची. त्यांनी सपाट चमचा आणि सपाट कप यांचा आग्रह धरला, चमच्यावरची रास सुरीने कापून काढायला शिकवलं. प्रकाशकाला पुस्तक खपेल याची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. आज सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर परदेशातल्या स्वयंपाकघरात माझ्यासारखी बाई ती कृती जशीच्या तशी करू शकते, ते त्या सपाट चमच्यामुळे. पुस्तक स्वामित्वहक्कातून कधीच मुक्त झालं आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

तरी काही मापांचा आज नव्याने हिशोब करावा लागतो. स्ट्रॉबेरी मूसचंच बघा. मूळ कृतीत एक क्वार्ट (चार कप) पातळ क्रीम, एक बॉक्स स्ट्रॉबेरी, एक कप साखर, सव्वा टेबलस्पून दाणेदार जिलेटिन, ते भिजवायला दोन टेबलस्पून गार पाणी आणि विरघळवायला तीन टेबलस्पून गरम पाणी आहे. त्यातलं पातळ क्रीम आज अडचणीचं ठरतं. तेव्हा ते पिचकारीसारख्या दट्ट्याने घुसळून वर येणारा फेस तेवढा काढून घेत. दुकानातलं हाफ-अँड-हाफ (निम्मं दूध, निम्मं क्रीम) तसं कितीही फेटलं तरी फुलत नाही. मी त्याऐवजी दोन कप हेवी क्रीम घेते. इथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ते स्वतःच्या बळावर उभं राहतं. म्हणून जिलेटिनही कमी लागतं. बाजारातलं एक पाकीट ७ ग्रॅमचं, म्हणजे सपाट टेबलस्पूनपेक्षा थोडं कमीच, आणि तेवढं पुरतं. मूळ मापाने केलेलं मूस चमच्याला किंचित रबरी लागतं. एका पाकिटात ते मऊ राहतं आणि कापही स्वच्छ पडतो.

कृती अशी. साधारण पाऊंडभर स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून, साखर भुरभुरून तासभर ठेवायची. ती कुस्करून बारीक चाळणीतून काढायची. चाळणीचा कंटाळा करू नये, कारण गोठल्यावर बिया दाताखाली फार येतात. जिलेटिन गार पाण्यावर सगळीकडे भुरभुरायचं, एका जागी ओतायचं नाही, नाहीतर आत कोरड्या गुठळ्या राहतात. पाच मिनिटांत ते फुलतं. मग उकळतं पाणी घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. जिलेटिन कधीही खळखळ उकळू नये, त्याची पकड कमी होते. हे रसात मिसळून भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि ढवळत राहायचं. रस उलथण्यावर जाडसर, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ओघळायला लागला की तोच क्षण धरायचा आणि फेटलेलं क्रीम हलक्या हाताने त्यात दुमडायचं. याआधी घातलं तर रस तळाला बसतो, उशीर झाला तर जेलीचे तुकडे होतात. सगळ्या कृतीत लक्ष देण्याची जागा हीच, आणि फार्मरबाईंनी ती एका ओळीत अचूक सांगितली आहे.

पुढचं त्यांचं वाक्य वाचून मला आपल्याकडची आठवण आली. साचा भरायचा, झाकायचा, मीठ आणि बर्फात पुरायचा आणि चार तास तसाच ठेवायचा. लाकडी बादली, जाडं मीठ आणि आळीपाळीने दांडा फिरवणारी मुलं, हे आपलं पॉट आइस्क्रीमचं शास्त्र तेच आहे, फक्त इथे दांडा फिरवायचा नाही. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि खारं पाणी उणे वीस अंशांच्या जवळ जाऊ शकतं. ते साच्याला चहूबाजूंनी चिकटलेलं असतं, म्हणून चार तासांत काम होतं. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ असलं तरी ती थंड हवा असते, आणि हवा उष्णता हळू ओढते. त्यामुळे रात्री लावून दुसऱ्या दिवशी दुपारी काढायचं, असा हिशोब धरा. धातूचा पसरट ट्रे घेतला तर सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंतही होतं. मीठ-बर्फ वापरायचाच असेल तर साचा काठोकाठ भरून वर लोणी लावलेला कागद आणि त्यावर झाकण, ही जुनी युक्ती सोडू नका. लोणी थंडीत घट्ट होऊन फट बुजवतं आणि खारट पाणी आत जात नाही.

दुसरा टप्पा फ्रीजच्या काळातला. तेव्हाच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाजवळची जागा तेवढी गोठवण्यापुरती थंड असायची, म्हणून बर्फाच्याच ट्रेमधला जाळीचा भाग काढून त्यात गोडं लावत. यंत्र नाही, मीठ नाही, घुसळणं नाही. त्या अडचणीतूनच मार्लो आलं आणि मला ते फार आवडतं. मार्शमॅलो दूध किंवा फळाच्या रसात मंद आचेवर वितळवायचे, पूर्ण गार करायचं, फेटलेलं क्रीम मिसळायचं आणि गोठवायचं. मधे ढवळायचंही नाही. मार्शमॅलोमध्ये साखर आणि जिलेटिन दोन्ही आधीच असतात, त्यामुळे वेगळं काही मोजावं लागत नाही. माझं प्रमाण : वीसेक मोठे मार्शमॅलो, एक कप पिकलेल्या पीचचा गर, एक कप हेवी क्रीम, थोडा लिंबाचा रस. लिंबू हवंच, नाहीतर नुसतं गोड लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथले पीच हातात घेतल्यावर रस गळतो इतके पिकतात, आणि त्या गराचा वास मार्लोमध्ये पूर्ण टिकतो, कारण गर शिजवायचा नसतो. मार्शमॅलो आधी दोन-तीन चमचे रसात वितळवून घ्या आणि कच्चा गर नंतर घाला.

साखर कमी करू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. अमेरिकन कृती म्हटली की आपण सवयीने निम्मी साखर घालतो. केकमध्ये ते चालतं. इथे साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणूनच पदार्थ चमच्याने काढण्याइतका मऊ राहतो. साखर निम्मी केली तर सकाळी ट्रेमध्ये वीट मिळते. शिवाय गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे कोमट असताना मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवं.

फळांबद्दल. कच्चा अननस, पपई, किवी आणि ताजं अंजीर यांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, ती जिलेटिनचं पाणी करतात. उष्णतेने ती निकामी होतात, म्हणून डब्यातला अननस बिनधास्त वापरा आणि ताजा घ्यायचा तर आधी उकळी द्या. आल्याचा कच्चा रसही तसाच, तो गरम करूनच घाला. भारतीय दुकानात मिळणारा डब्यातला हापूसचा गर उत्तम चालतो. स्ट्रॉबेरीच्या जागी दीड कप गर घेतला, साखर अर्ध्यावर आणली (गरातच भरपूर साखर असते) आणि लिंबू पिळलं, की मूस फार सुंदर होतं. न्यू जर्सीची ब्लूबेरी मला यात तितकीशी जमलेली वाटली नाही. तिची साल जाड, शिजवून गाळावी लागते आणि त्यात ताजेपणा जातो. ती तशीच वाडग्यात घेऊन खावी.

आता ज्याबद्दल आपल्या घरांत सगळ्यात आधी विचारलं जातं ते. जिलेटिन शाकाहारी नाही, आणि इथे मिळणारं बरचसं डुकराचं किंवा गाईचं असतं. मार्शमॅलोचंही तेच. पाहुण्यांना वाढण्याआधी हे स्पष्ट सांगावं. आमच्या सासूबाई उन्हाळ्यात राहायला येतात. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, म्हणून त्यांच्यासाठीचं मी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करते. चायना ग्रास घालून हेच होईल का, असं अनेक जणी विचारतात. होत नाही. चायना ग्रास गोठवून वितळवला की पाणी सोडून देतो. जपानमध्ये तर तो वाळवण्याची पारंपरिक पद्धतच हिवाळ्यात गोठवून, वितळवून पाणी काढून टाकण्याची आहे. शिवाय तो तोंडाच्या उष्णतेने विरघळत नाही, त्याला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून घास जिभेवर ठेवताच सुटतो. शाकाहारी करायचं तर जिलेटिनला पर्याय शोधत बसण्यापेक्षा कृतीच बदलावी : हापूसचा गर, कंडेन्स्ड मिल्क आणि भरपूर फेटलेलं हेवी क्रीम. स्निग्धांश आणि साखर एवढी असली की पोत राखायला वेगळं काही लागत नाही. सासूबाई दुसऱ्यांदा मागून घेतात.

जे पटलं नाही तेही लिहिते. गोठवलेल्या फ्रूट सॅलडमध्ये मेयोनेझ, क्रीम, जिलेटिन आणि डब्यातली फळं एकत्र येतात. पोत चांगला जमतो, पण आंबट-खारट तेलकट चव आणि गोड चेरी हे आपल्या जिभेला जुळत नाही. फळांचे मोठे तुकडे गोठून दगडासारखे होतात ते वेगळंच. काही जुन्या कृतींत कच्च्या अंड्याचा पांढरा फेटून घालतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरात असतील तर पाश्चराइज केलेली अंडीच घ्या. फेस यायला वेळ जास्त लागतो, पण येतो.

साठवणीत मूस दोन आठवडे छान राहतं, पुढे वरच्या थरावर बर्फाची कणी दिसायला लागते. प्लास्टिकचा कागद थेट पृष्ठभागावर चिकटवून मग झाकण लावा. वाढण्याआधी खालच्या कप्प्यात वीसेक मिनिटं ठेवलं तर कापताना तडा जात नाही. एकदा पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवू नका, हवा गेलेली असते.

रोझ नॉक्स यांच्याबद्दलही थोडं सांगायचं आहे. १९०८ साली नवरा गेल्यावर न्यू यॉर्क राज्यातल्या जॉन्सटाउनचा जिलेटिनचा कारखाना त्यांनी हाती घेतला आणि बायकांनी मागच्या दाराने कामावर यायचं, ही पद्धत लगेच बंद केली. पाकिटातलं दाणेदार जिलेटिन येण्याआधी वासराचे पाय तासन् तास उकळून, गाळून, साय काढून जेली करावी लागे, आणि ते काम अर्थातच बायकांचंच होतं.

सध्या ट्रेमध्ये काँकॉर्ड या काळ्या द्राक्षाचं शर्बत लावलं आहे. द्राक्षं सालीसकट उकळून गाळलेला तीन कप रस, पाऊण कप साखर, एका लिंबाचा रस आणि अर्धं पाकीट जिलेटिन. कडा गोठून मधला भाग चिखलासारखा झाला की बाहेर काढून फेटायचं आणि परत ठेवायचं. यात क्रीम नाही, त्यामुळे जिलेटिन खरोखर किती काम करतं ते इथे कळतं. तेच शर्बत जिलेटिन न घालता दुसऱ्या लहान डब्यात लावून बघा. त्यात खरखरीत बर्फ दाताला लागतो, आणि जिलेटिनच्या शर्बतातून चमचा सहज जातो.