भाऊबीजेला मिळालेल्या सायकलच्या वस्तू: नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय नाही

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी वहिनीचा फोन आला. "अगं, या वेळी साडी नको म्हणतेस, मग आणायचं तरी काय तुला? सायकलचं काही सांगशील तर बजेटचंही सांग." मी सांगितलं, पाचशेच्या आत खूप काही येतं, आणि मोठं काही द्यायचंच असेल तर दोघांतिघांनी मिळून द्या.

घरात सगळ्यांना वाटायचं की सायकलवाल्यांच्या वस्तू म्हणजे हजारोंचा मामला. तसं वाटण्यासारखं घडलंही आहे आपल्या गावात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. तेव्हापासून आमच्याकडे सायकलचा विषय निघाला की गोष्ट लाखांच्या सायकलींवर जाते. माझी सायकल साधी हायब्रिड आहे, म्हणजे डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी. आठवड्यातले चार दिवस पहाटे कॉलेज रोडवरून निघून गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढपर्यंत जाते, रविवारी गिरणारे, महिन्यातून एकदा त्र्यंबक. दिवाळीपासून आजवर सव्वातीन हजार किलोमीटर झाले. म्हणजे थंडी, ऊन आणि निम्मा पावसाळा, तिन्ही ऋतूंत या वस्तू वापरून झाल्या. आता त्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येईल.

सगळ्यात जास्त वापर झाला तो दादा-वहिनींनी दिलेल्या उभ्या पंपाचा. पायाने धरून दोन्ही हातांनी हवा भरायचा, खाली हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला. १,१५० रुपये. एवढी महाग वस्तू बाकी कुठलीच नव्हती. तरी त्याच पैशांत जर्सी आली असती, आणि जर्सीने माझं एकही पंक्चर वाचलं नसतं. पूर्वी मी अंगठ्याने टायर दाबून 'बरा आहे' म्हणायची आणि निघायची. काट्याने दाखवलं की माझ्या 'बऱ्या' टायरमध्ये जेमतेम ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा असते. टायरच्या कडेला ५० ते ७५ लिहिलंय. हवा कमी असली की खड्ड्यात टायर दबतो, ट्यूब रिमच्या कडांमध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. असली पंक्चरं मला दर महिन्याला व्हायची आणि मी दोष रस्त्याला द्यायची. आता दर शनिवारी रात्री पुढे ५५, मागे ६० भरते. नऊ महिन्यांत तसं पंक्चर एकदाही झालं नाही. पंपाचं एकच दुखणं निघालं: तोंडाशी असलेलं रबरी वायसर मे महिन्यात झिजलं आणि हवा फुसफुसायला लागली. दुकानदाराने वीस रुपयांत नवीन बसवून दिलं.

काट्यांवर मात्र पंपाचा इलाज नाही. बाभळीचा काटा भरलेल्या टायरमध्येही घुसतोच. जानेवारीतल्या एका रविवारी दुगावच्या पुढे मागचं चाक बसलं. सव्वासहा वाजलेले, तोंडातून वाफा निघत होत्या, बोटं आखडलेली. सीटखालच्या पिशवीत भाच्याने दिलेलं पंक्चर किट होतं: सहा पॅच, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा आणि टायर उचकटायचे प्लास्टिकचे दोन लिव्हर. सगळे मिळून २२० रुपये. चाक काढलं, लिव्हरने टायर उचकटला, ट्यूब बाहेर काढली आणि छोट्या हातपंपाने फुगवून गालाजवळ फिरवली. थंडीत गालाला हवा लगेच कळते. भोक सापडलं तिथे पेपर घासला, सोल्यूशन लावलं आणि थांबले. हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला की तो पाच किलोमीटरवर सुटतो. बोट लावून चिकटपणा कमी झालाय हे बघायचं, मगच पॅच. आणि टायर परत चढवण्याआधी आतून हळूहळू बोट फिरवून काटा शोधायचा. तो आतच राहिला तर सगळी मेहनत वाया. माझा काटा तांदळाच्या दाण्याएवढा होता, नखाने ढकलून बाहेर काढला. पस्तीस मिनिटं लागली. पण कोणाला फोन करावा लागला नाही, याचा त्या सकाळी मला फार आनंद झाला.

एक सांगायला हवं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की टिकत नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा गरज पडली तेव्हा आतलं सगळं सुकून खडखडीत झालं होतं. तेव्हापासून न उघडलेली एक ट्यूब जास्तीची ठेवते, पंधरा रुपयांची.

याच भाच्याने हौसेने एक नवी ट्यूबही आणली होती, आणि ती अजून खोक्यातच आहे. माझ्या सायकलचा वॉल्व्ह बारीक, टोकाला छोटी पितळी चकती असलेला. त्याने आणलेल्या ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड. माझ्या रिमच्या भोकातून तो जातच नाही. पोराची चूक नाही, त्याला दुकानात कोणी विचारलंच नाही. कुणाला ट्यूब किंवा टायर द्यायचा असेल तर आधी त्याच्या सायकलपाशी जाऊन दोन फोटो काढा: एक टायरच्या कडेवरच्या आकड्यांचा, माझ्यावर ७००×३५ आहे, आणि एक वॉल्व्हचा. ते फोटो दाखवले की दुकानदार चुकत नाही.

याच बारीक वॉल्व्हसाठी एक पितळी अडॅप्टर मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांना, बोटाच्या पेराएवढा. तो लावला की पेट्रोल पंपावरची हवाही भरता येते. शेजारच्या काकांनी सहज हातावर ठेवला होता, आणि तो मी त्र्यंबक रोडवर दोनदा वापरला. फक्त हवा भरणाऱ्या मुलाला आधीच सांगायचं, पन्नासला थांब. सायकलची ट्यूब छोटी असते, मोठ्या कॉम्प्रेसरने बघता बघता फुटते.

आता आईची भेट. तिने दिव्यांची जोडी दिली, पुढे पांढरा, मागे लाल, यूएसबीवर चार्ज होणारे, ६५० रुपये. निवडताना तिने दुकानात एकच अट घातली होती म्हणे: "लांबून दिसला पाहिजे." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहाटे मी निघाले की आई गॅलरीत येते आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो लुकलुकणारा लाल ठिपका बघत उभी राहते. एकदा मी दिवा लावायला विसरले, तर वरून हाक आली. मागचा दिवा मी आता धुक्यात, पावसात, दिवसाउजेडीही चालू ठेवते. ज्यांना २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची असते, साडेतेरा तासांत, त्यांच्याकडे रात्रीसाठी दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असावंच लागतं. पण मला विचाराल तर पाच किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्यालाही दिवे हवेतच. तक्रारी दोन. उन्हाने रबराचा पट्टा मेमध्ये तडकला, आणि चार्जिंगच्या भोकावरचं झाकण सैल झाल्याने जुलैच्या पावसात पुढच्या दिव्यात पाणी गेलं. वाळवून चिकटपट्टी लावलीय, चालतो. सुरुवातीला पाच तास चालायचा, आता साडेतीन. घेताना झाकण ओढून बघा.

पाडव्याला नवऱ्याने जेलचं सीट कव्हर दिलं, माझी पाठ आणि बूड दुखतं म्हणून, मनापासून. पहिले चार दिवस सुख वाटलं. मग चाळीस किलोमीटरच्या वर गेलं की जास्तच दुखायला लागलं. मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि दाब नको त्या जागी येतो. शिवाय वळणावर कव्हर सरकतं आणि पाऊस पडला की स्पंजासारखं पाणी धरतं. तीन आठवड्यांत काढलं. त्यापेक्षा पॅड असलेली सायकलिंगची चड्डी घ्यावी, सहाशे-सातशेत चांगली मिळते. भेट म्हणून द्यायला संकोच वाटतो खरा, पण घरच्या माणसाने द्यायला काय हरकत आहे? त्याने नंतर तीच आणली.

हातमोजे जाऊबाईंनी दिले, अर्ध्या बोटांचे. वर्षातले दहा महिने उत्तम, पण नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पूर्ण बोटांचेच हवेत. मुलीने दिलेला दीडशेचा बंडाना मात्र बारा महिने उपयोगी: थंडीत कानांवर, उन्हात मानेवर, आणि गिरणाऱ्याकडे द्राक्षबागांत फवारणी चालू असली की नाकावर. पाण्याच्या बाटलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बाटली आहे.

पावसाळ्यासाठी कोणी काही दिलं नव्हतं, ते मीच घेतलं. सीटखाली अडकवायचं मागचं मडगार्ड, २५० रुपये, नाहीतर पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते आणि ती धुऊन जात नाही. दुसरं चेनचं तेल. मी आधी शिलाई मशीनचं तेल घालायची, ते एका पावसात धुऊन जायचं आणि चेन किरकिरायची. पावसाळी चेन ऑईलची छोटी बाटली साडेतीनशेची, पण एकेका कडीवर एकेक थेंब टाकला, पॅडल उलटं फिरवलं आणि वरचं तेल जुन्या सुती कापडाने पुसून घेतलं की ती वर्ष जाते. पुसणं चुकवायचं नाही. वर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि चेन त्यानेच झिजते.

दोन महिन्यांपासून वहिनीही सायकल चालवायला लागलीय. भाच्याची जुनी गिअरची सायकल, गोल्फ क्लबच्या मैदानाभोवती तीन फेऱ्या. परवा तिच्याकडे गेले होते तेव्हा ती चहा टाकत असताना खाली पार्किंगमध्ये जाऊन फोटो काढून आणले. टायर २६×१.९५, वॉल्व्ह जाड. दिवाळीला तिला ट्यूब, पॅच, दोन लिव्हर आणि मागचा लाल दिवा देणार आहे. दिवा आईच निवडणार म्हणाली.